छतावरचा अँटेना

टीव्ही पाहायचा तर दर महिन्याला पैसे भरावे लागतात, हे आता आपण सगळ्यांनीच गृहीत धरले आहे. विजेचे बिल, गॅस, दूध, मोबाइलचा रिचार्ज आणि त्याच रांगेत केबल. एखाद्या महिन्यात हात आखडला तर आधी केबल तुटते, आणि घरात दिवसभर बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसाची सोबत जाते. हवेतून येणारे दूरदर्शन मात्र फुकट असते आणि त्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही. हे आमच्या घरात कसे आले आणि त्याचे पुढे काय झाले, ते या महिन्यात वाचकांना सांगावे असे वाटले. काही घरांना त्याचा उपयोग होईल.

आम्ही चाळिशी ओलांडलेले, म्हणजे अँटेनाच्याच पिढीतले. आमचे शहर तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळचा डोंगर आहे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. त्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा आहे. आमच्या लहानपणी शहरातल्या सगळ्या छतांवरचे अँटेने एकाच बाजूला, वायव्येकडे तोंड करून उभे असत. मोहल्ल्यात टीव्ही चार-पाच घरांत. १९९० साली ‘टिपू सुल्तान’ सुरू झाले तेव्हा ज्या घरात टीव्ही त्या घराच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा. वारा सुटला की चित्रात मुंग्या. मग एक जण छतावर जाऊन दांडा फिरवी, दुसरा जिन्यात उभा राही, तिसरा टीव्हीसमोर. “आया क्या?” “नक्को, गया! पहले का अच्छा था!” हा संवाद मराठवाड्यातल्या कोणत्या घरात झाला नसेल?

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी त्याच छतावर आम्ही चांद शोधायला चढायचो. पश्चिमेला चांद, वायव्येला म्हैसमाळ. चांद दिसला नाही की खाली येऊन टीव्हीपुढे बसायचे, कुठून काही खबर येते का म्हणून.

पुढे केबल आली, चॅनलांचा पूर आला आणि छतावरचे अँटेने गंजून भंगारात गेले. आमचाही गेला.

मग २०१६ च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने देशातल्या सोळा शहरांत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातली त्यात दोनच शहरे होती, मुंबई आणि औरंगाबाद. या पद्धतीला डीव्हीबी-टी२ म्हणतात. बातमी आम्ही वाचली आणि सोडून दिली, कारण केबल चालू होती. गरज पडली ती तीन वर्षांनी.

आमचे अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. सगळी हयात गाडीत उभे राहून गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना लकव्याचा झटका आला. अल्लाहच्या मेहरबानीने जीव वाचला, पण उजवा हात अधू झाला आणि घराबाहेर जाणे संपले. जो माणूस रोज शंभर गावांच्या लोकांशी बोलायचा, त्याला आता एक खाट आणि एक टीव्ही. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या हा त्यांचा दिवसातला मोठा कार्यक्रम. एस.टी.मुळे मराठी त्यांच्या जिभेवर आमच्याहून पक्की.

१ फेब्रुवारी २०१९ पासून केबल-डिशचे नवे दर लागू झाले. शंभर फुकट चॅनलांचेच १३० रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये. बाकी प्रत्येक पैशाचे चॅनल वेगळे. आमच्या भागात त्या महिन्यात गोंधळ झाला. कुठले चॅनल घ्यायचे याच्या याद्या भरून देईपर्यंत अनेक घरांत पडदा काळा. आमच्याकडेही आठ दिवस तसाच गेला. अब्बा काही बोलले नाहीत. फक्त रोज सात वाजता रिमोट दाबून पाहायचे आणि खाली ठेवायचे. एके रात्री जेवताना म्हणाले, “मेरे वास्ते इतने पैसे नक्को भरो. मेरे कू खाली खबरां होना.” त्यांना खरोखर फक्त बातम्याच हव्या होत्या. त्यांच्यामुळे घराचा खर्च वाढतो हे त्यांना त्या दुखण्याहून जास्त लागत होते, हे आम्हाला कळत होते. तेव्हा आम्हाला म्हैसमाळ आठवला.

ज्यांना असा अँटेना बसवायचा आहे, त्यांच्यासाठी आता कामाचे थोडे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट टीव्हीची. जुन्या टीव्हीला अँटेनाची वायर जोडली म्हणून डिजिटल दिसत नाही. टीव्हीच्या आत डीव्हीबी-टी२ ट्यूनर लागतो. नसेल तर त्यासाठी वेगळा छोटा बॉक्स लागतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ टीव्हींमध्ये हा ट्यूनर नसतो, म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता माहितीपुस्तिकेत ते अक्षर शोधावे. आमच्या टीव्हीत नव्हता. बॉक्स आमच्या बाजारात सहज मिळेना, तो ओळखीच्या मिस्त्रींनी मुंबईहून मागवून दिला.

दुसरी गोष्ट अँटेनाची. जुन्या लांब काड्यांच्या अँटेनाने हे काम नीट होत नाही, याचे कारण साधे आहे. काडीची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. जुन्या पट्ट्यातल्या लहरी दीड मीटरच्या आसपास, म्हणून मुख्य काडी तिच्या निम्मी, पाऊण मीटरची. डिजिटल प्रक्षेपण होते ते यूएचएफ पट्ट्यात. तिथली लहर अर्ध्या मीटरहून थोडी मोठी, म्हणून काडी वीतभराहून थोडी जास्त. आमचा नवा अँटेना पाहून अम्मी म्हणाल्या, “ये तो मछली का कांटा लगरा.” माशाच्या काट्यासारखा दिसणारा हा अँटेना १९२६ साली जपानमध्ये उडा आणि यागी या दोन शास्त्रज्ञांनी शोधला. मागची काडी लहर परतवते, मधली पकडते, पुढच्या छोट्या काड्या लहरीला वाट दाखवतात. जितक्या पुढच्या काड्या जास्त, तितकी एका दिशेने पकड जास्त, आणि तितकीच नेमकी दिशा साधावी लागते.

तिसरी गोष्ट वायर. पूर्वीची चपटी वायर आता वापरू नये. डिशला लावतात ती गोल, आरजी-६ नावाची वायर घ्यावी. ती शक्य तितकी आखूड ठेवावी आणि मध्ये जोड देऊ नयेत. एका वायरीला दोन टीव्ही जोडले की सिग्नल वाटला जातो आणि दोन्हीकडे कमी पडतो. बूस्टर लावायचाच झाला तर अँटेनाजवळ लावावा, टीव्हीजवळ नव्हे. वायरीतून खाली येताना सिग्नल कमजोर होतो. खाली बूस्टर लावला तर तो कमजोर सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो.

मिस्त्री आले ते रविवारी सकाळी. आमच्या छतावरून म्हैसमाळ दिसत नाही, मध्ये तीन मजली इमारत आहे. म्हणून दांडा दहा फुटांचा घेतला आणि विजेच्या तारांपासून लांबच्या कोपऱ्यात उभा केला. ही काळजी सगळ्यांनी घ्यावी. दांडा पडलाच तर तारांवर पडणार नाही इतके अंतर हवे. वाऱ्यासाठी तीन बाजूंनी ताण दिला. मुलगा छतावर, मुलगी जिन्यात, आम्ही टीव्हीपुढे. तीस वर्षांपूर्वीचीच रांग, फक्त माणसे बदललेली.

एक फरक मात्र होता. जुन्या टीव्हीत सिग्नल थोडा असला तर मुंग्यांतून का होईना चित्र दिसायचे. इमारतीवर आपटून लहर दोन वाटांनी आली की माणसाच्या मागे त्याचे भूत दिसायचे. डिजिटलमध्ये असे अधलेमधले नसते. पुरेसे आले तर स्वच्छ चित्र, नाही तर काळा पडदा. त्यामुळे चित्राकडे पाहून दांडा फिरवता येत नाही. बॉक्सच्या मेन्यूत दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची, दुसरी दर्जाची. दर्जाच्या पट्टीकडे पाहायचे. दांडा बोटभर फिरवायचा, थांबायचे, पट्टी स्थिर होऊ द्यायची, मग पुन्हा बोटभर. घाई केली तर योग्य जागा हातातून निसटते. पाऊण तासाने पट्टी वर गेली, शोध दिला आणि एकाच लहरीवरून येणारी दूरदर्शनची मोजकी चॅनल एकदम यादीत आली. मोजकीच, पण त्यांत सह्याद्री होती.

संध्याकाळी सातला अब्बांनी रिमोट दाबला. बातम्या लागल्या. शेवटपर्यंत पाहून विचारले, “इसका महिना कितना?” काही नाही म्हटले तर त्यांना पटेना. “सरकार की गाडी में भी टिकट लगता,” म्हणाले. कंडक्टरचा हिशेब!

घरात काही बदल झाले, तेही सांगायला हवेत. केबल गेल्याचा राग मुलांनी महिनाभर धरला. मुलगा क्रिकेटसाठी शेजारी जायचा. पण शंभर चॅनलांतून रिमोट फिरवत बसणे बंद झाले. जे लागेल ते सगळे मिळून पाहायचे आणि संपले की उठायचे. उन्हाळ्यात मगरिबची वेळ सातच्या आसपास येते. तेव्हा अब्बा ठळक बातम्या ऐकतात, अजान झाली की टीव्ही बंद. आधी या एका गोष्टीवरून रोज बोलाचाली व्हायची.

अम्मींची तक्रार मात्र राहिली. त्यांना उर्दू हवी होती. दूरदर्शनचे उर्दू चॅनल २००६ च्या १५ ऑगस्टपासून आहे, पण ते आमच्या छतावरच्या काट्यात येत नव्हते. त्यासाठी फ्री डिश घ्यावी लागली. ही दूरदर्शनचीच सेवा. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, तो आम्हाला दोन हजारांच्या आत पडला. पुढे महिना काही नाही. शंभराहून अधिक चॅनल येतात. ज्या गावांत जमिनीवरचे डिजिटल पोचत नाही, आणि महाराष्ट्रात ती बहुतेक सगळी गावे आहेत, तिथे हाच मार्ग आहे. आमच्या घरी दोन्ही राहिले. मुसळधार पावसात डिशचे चित्र तुटते, कारण उपग्रहाकडून येणारी बारीक लहर पाण्यात अडते. अँटेनाची मोठी लहर पावसाला फारशी जुमानत नाही. अब्बांच्या बातम्या पावसाळ्यातही चुकत नाहीत.

याचा खरा उपयोग आम्हाला कळला तो २०२० साली.

आम्ही शिकवतो ती उर्दू शाळा शहराबाहेरच्या एका गावात आहे. लॉकडाऊन लागला, शाळा बंद झाली आणि वरून सूचना आली की ऑनलाइन शिकवा. आम्ही वर्गाची वही काढून एकेका पालकाला फोन लावला. निम्म्याहून अधिक घरांत स्मार्टफोन नव्हता. काही घरांत होता तो वडिलांच्या खिशात, आणि वडील कामावर. एका बाईंनी विचारले, “सर, रिचार्ज डालूं या राशन लाऊं?” या प्रश्नाला बी.एड.च्या पुस्तकात उत्तर नव्हते.

जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठांवर आधारित, घरच्या वस्तू घेऊन शिकण्याचा कार्यक्रम. आम्ही पुन्हा फोन लावले, पण प्रश्न बदलला. “फोन आहे का?” असे न विचारता “टीव्ही आहे का? छतावर डिश आहे का?” असे विचारले. हो म्हणणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यातल्या बऱ्याच घरांच्या पत्र्यावर फ्री डिश होती. काहींची वाऱ्याने हललेली, काहींची वर्षभर बंद पडलेली.

गावात मिस्त्री जाऊ शकत नव्हता. मग आम्हीच फोनवरून सांगू लागलो. चौथीतल्या एका मुलीचा मोठा भाऊ पत्र्यावर चढलेला, त्याला दिशा कशी सांगायची? आग्नेय म्हटले तर त्याला कळेना. होकायंत्र कुठून आणणार? त्याला म्हटले, “बेटा, नमाजला उभा राहतोस तसा किबल्याकडे तोंड कर. आता बरोबर मागे वळ. आता उजव्या हाताला थोडा वळ, दक्षिणेच्या निम्म्या वाटेपर्यंत. तिकडे.” हिशेब असा की आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. त्याकडे पाठ केली की तोंड पूर्वेला येते. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तो आपल्याला आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर लागतो. त्या बाजूला झाड किंवा भिंत आडवी नको. अर्ध्या तासाने त्याने खालून बहिणीचा ओरडा ऐकवला, “आया! आया!” त्या आठवड्यात याच रीतीने आणखी काही घरांच्या डिश लागल्या. किबला कुठे हे लहान मुलालाही ठाऊक असते, म्हणून कुणाला होकायंत्र लागले नाही.

अडचण भाषेची होती. कार्यक्रम मराठीत, मुले उर्दू माध्यमाची. मराठी त्यांना कानावरून माहीत, पण गणितातले ‘बेरीज’, ‘हातचा’, ‘भागाकार’ हे शब्द उर्दू पुस्तकात नाहीत. आम्ही रोजच्या कार्यक्रमातले दहा-बारा शब्द आदल्या रात्री लिहून पालकांना साध्या मेसेजने पाठवायचो. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी म्हणजे तफरीक, गुणाकार म्हणजे जरब. मेसेज साध्या फोनवरही जातो.

आणि इकडे घरी आमच्या ओसरीवर गल्लीतली तीन मुले येऊ लागली. टीव्ही आम्ही खिडकीकडे वळवला, मुले बाहेर अंगणात अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. अब्बा खिडकीच्या आत खाटेवर. टीव्हीवरच्या ताईंनी मराठीत काही विचारले की अब्बा ते दखनीत सांगत. ताईंनी “बे सक बारा” म्हटले की ते “दो छक्के बारा”. एकदा सुट्या पैशांचा पाठ लागला. त्या दिवशी अब्बांनी टीव्ही बंदच करायला लावला. आपली जुनी कातड्याची बॅग काढून घेतली, डाव्या हाताने चिल्लर खाटेवर पसरली आणि पैठणच्या दोन तिकिटांचे पैसे देऊन सुटे परत घ्यायला एकेका मुलाला लावले. झटक्यानंतर त्यांचे बोलणे अडखळायचे, मुलांना त्याचे काही वाटले नाही. ती त्यांना “कंडक्टर नाना” म्हणू लागली. शाळा उघडेपर्यंत ही तीन मुले हिशेबात मागे पडली नाहीत. त्यांच्या शिक्षिकेने आम्हाला तसे सांगितले, म्हणून इथे लिहितो.

मार्च २०२२ अखेर दूरदर्शनने, मोक्याची पन्नासेक ठिकाणे सोडून, देशभरातले जुन्या पद्धतीचे ट्रान्समीटर बंद केले. ज्या काड्यांनी आम्ही ‘टिपू सुल्तान’ पाहिले त्यांचे युग तिथे संपले. आता अँटेना घ्यायचा तो डिजिटलसाठीच. आणि खर्च करण्याआधी आपल्या भागात त्याचे प्रक्षेपण चालू आहे ना, हे जवळच्या दूरदर्शन केंद्राकडून किंवा ज्याच्या घरी चालू आहे त्याच्याकडे प्रत्यक्ष पाहून ठरवावे. नसेल तर फ्री डिश.

शेवटी सांभाळण्याबद्दल थोडे. मृगाच्या आधी एकदा छतावर जावे. दांड्याचे नट आवळावेत, वायरीच्या जोडावर पाणी शिरू नये म्हणून रबरी टेप गुंडाळावी, ताणाच्या तारा तपासाव्यात. दांड्याला अर्थिंग द्यावे. वीज कडाडू लागण्याआधीच टीव्हीमागची वायर काढून ठेवावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये आणि छतावर तर मुळीच जाऊ नये. आमच्या घरी हे काम आता मुलगा करतो. अब्बांना आता ऐकू कमी येते, तरी आभाळ भरून आले की खाटेवरून तेच आधी आवाज देतात, “अरे, वायर निकाले क्या?”